कागद ठेवला, परत हाती येईल काय?

(मंडळाच्या वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात, जुमेरा लेक टॉवर्स, दुबई येथे दस्तऐवज समितीच्या वतीने केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर आमचा विषय 'क्लाउडवरील जावा आज्ञावलीत फाईली ठेवणे व परत मिळविणे' असा छापला गेला आहे. तो वाचून काही ज्येष्ठांनी घड्याळाकडे पाहिल्याचे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. विषय संगणकाचा आहे हे खरे. परंतु आमच्यापुढे तो आला एका शाळेच्या दाखल्यामुळे, आणि त्या दाखल्यापासूनच आम्ही सुरुवात करणार आहोत.

आपल्यापैकी ज्यांची मुले येथे जन्मली आणि उच्च शिक्षणासाठी महाराष्ट्रात परत जाणार आहेत, त्यांना जात पडताळणी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. २००१ पासून अमलात असलेल्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार नुसते जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही; पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागितले जातात. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, गाव नमुना १४. त्या कागदांवर 'महार' असे लिहिलेले असते. आपल्या दाखल्यांवर १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर 'बौद्ध' आले. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश केला, आणि या दोन शब्दांना जोडणारा प्रत्येक कागद घराण्याच्या दृष्टीने अनमोल ठरला. हे कागद आज आहेत कोठे? कोणाच्या चुलत्याच्या लोखंडी पेटीत, कोणाच्या मोबाईलमध्ये वाढदिवसाच्या फोटोंच्या ढिगाखाली. कित्येकांच्या बाबतीत तर ते कोठे आहेत हे ठाऊक असलेले आजोबाच आता हयात नाहीत. भारत सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे. परंतु पणजोबांचा मोडीत लिहिलेला उतारा कोणतेही खाते आपण होऊन त्यात आणून ठेवणार नाही. ते काम घरच्याच माणसांचे आहे.

यास्तव मंडळाने दस्तऐवज समिती नेमली. आमच्यापैकी काही जण याच परिसरातील मनोऱ्यांत संगणकाच्या कचेऱ्यांमधून काम करतात आणि जावा लिहून पोट भरतात. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जगापुढे आणलेली ही भाषा आजही बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार चालविते. तिची निवड करताना आम्ही फार मोठा विचार केला असे मात्र कोणी समजू नये. ती आम्हांला येत होती, एवढेच.

पहिली आज्ञावली आम्ही रात्री जागून लिहिली. कुटुंबाने कागदाचा फोटो पाठवावयाचा आणि आज्ञावलीने तो सर्व्हरवरील एका फोल्डरमध्ये कुटुंबाच्या आडनावाने ठेवावयाचा, अशी साधी योजना होती. जावातील 'फाईल' नावाचा जुना वर्ग वापरला की हे काम दोन-चार ओळींत होते. घरच्या लॅपटॉपवर सारे सुरळीत चालले. भाड्याच्या क्लाउडवर चढविल्यानंतर मात्र पहिल्याच आठवड्यात विचित्र प्रकार घडला. कांबळे कुटुंबाने आपला कागद उघडला, तर सोनवणे कुटुंबाच्या आजोबांचा दाखला समोर आला!

कारण शोधण्यास आम्हांस दोन रात्री लागल्या. त्या भाड्याच्या यंत्रावर भाषेची मांडणी ठरवून दिलेली नव्हती, त्यामुळे फाईलीच्या नावात इंग्रजी मुळाक्षरांपलीकडचे काही ते ओळखत नव्हते. अशा यंत्रावर जावाचा हा जुना वर्ग देवनागरी नावातील प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो, आणि तक्रारही करीत नाही. 'कांबळे' या शब्दात संगणकाच्या हिशेबाने सहा चिन्हे आहेत: क, काना, अनुस्वार, ब, ळ आणि मात्रा. 'सोनवणे' यातही सहाच. दोन्ही आडनावांची सहा-सहा प्रश्नचिन्हे झाली, आणि मागाहून आलेली फाईल आधीच्या फाईलीच्या जागी जाऊन बसली. जावाची नवी 'पाथ' पद्धत वापरली असती, तर तिने असे नाव घेण्यास सरळ नकार दिला असता आणि चूक पहिल्याच दिवशी उघड झाली असती. २०२२ साली आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून जावा फाईलीतील मजकूर आपण होऊन यूटीएफ-८ या संकेतात धरते. तथापि फाईलीच्या नावाचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो यंत्राच्या मांडणीवरच अवलंबून राहतो. ज्या समाजाची नावे गावच्या दप्तरात तुच्छतेने, कशीबशी लिहिली गेली, त्याच्या आडनावांची आपल्याच मुलांच्या हातून प्रश्नचिन्हे व्हावीत, ही खंत आम्हांस पुष्कळ दिवस पुरली.

परंतु खरा आघात पुढेच होता. चूक दुरुस्त करून एका रविवारी रात्री आम्ही नवी आवृत्ती चढविली. सोमवारी सकाळी यादी तशीच दिसत होती. नाव, गाव, तालुका, कागदाचा प्रकार, सारे जागच्या जागी. मात्र कोणत्याही ओळीवर बोट ठेवले की 'फाईल सापडत नाही' असे उत्तर येई. एकही फाईल शिल्लक नव्हती.

येथे क्लाउड म्हणजे काय हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आमची चूक तंत्राची होती तशीच समजुतीचीही होती. आपण सारे येथे भाड्याच्या सदनिकांत राहतो. करार संपला की भिंतीवरील खिळासुद्धा काढून, रंग देऊन जागा परत करावी लागते. पुढच्या भाडेकरूला कोरी भिंत मिळते. क्लाउडवरील आज्ञावली अशाच जागेत राहते. नवी आवृत्ती चढविली, यंत्र बिघडले, किंवा रात्री कोणी वापरीत नाही म्हणून खर्च वाचविण्यासाठी ते बंद झाले, की जुनी जागा मोडली जाते आणि आज्ञावलीला नवी कोरी जागा मिळते. जुन्या जागेतील फोल्डर तिच्याबरोबर जाते. काही सेवांत तर ती 'डिस्क' म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृतीच असते. वापर वाढला म्हणून एकाऐवजी दोन यंत्रे लागली, तर आणखी एक गंमत होते: फाईल पहिल्या यंत्रावर ठेवलेली, विचारणा गेली दुसऱ्याकडे, एकदा कागद दिसतो, पुढच्या वेळी दिसत नाही. गूगलच्या ॲप इंजिनवर २००९ साली जावा प्रथम आली, तेव्हा तेथे आज्ञावलीला डिस्कवर फाईल लिहिण्याची परवानगीच नव्हती. त्या काळी हा नियम अनेकांना जाचक वाटे. आम्हांस आता तो फार शहाणपणाचा वाटतो.

आमच्या नोंदी वाचल्या, कारण डेटाबेस स्वतंत्रपणे भाड्याने घेतलेला होता. म्हणजे कोणाचे काय हरवले याची बिनचूक यादी तेवढी आमच्या हाती उरली.

बहुतेक कुटुंबांनी फोटो पुन्हा पाठविले. एका घरचा कागद मात्र असा होता की, मूळ दाखला गावच्या घरी पावसात भिजून गेलेला, फोटो काढणाऱ्या भाच्याने मोबाईल बदललेला, आणि तिसरी प्रत आमच्याकडे. त्या घरातील माउलीला आम्ही फोन केला. त्या रागावल्या नाहीत. 'तुमच्याकडे दिला होता ना?' एवढेच त्यांनी विचारले. पुढे त्यांच्या दिरांनी गावी दोन फेऱ्या मारून शाळेच्या जुन्या रजिस्टरातून नवा उतारा मिळविला. जिल्हा परिषदेच्या एका साध्या शाळेने जे आठ दशके सांभाळले, ते आम्हांला पंधरा दिवस सांभाळता आले नाही.

एकुलत्या एका प्रतीचे दुःख आपल्या इतिहासाला नवे नाही. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांचे सामान, ज्यात ग्रंथ व कागदपत्रे होती, वेगळ्या बोटीने पाठविलेले होते; महायुद्धाच्या धुमाळीत ती बोट पाणतीराने बुडविली. विम्याची भरपाई मिळाली, कागद मिळाले नाहीत. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९६७ मध्ये, दिल्लीच्या २६ अलीपूर रोडवरील निवासस्थानातील पुष्कळसे कागद उघड्यावर टाकले जाऊन पावसाने नासले, असे नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. जे हस्तलिखित वाचले ते आधी दिल्लीच्या उच्च न्यायालयाच्या ताब्यात, मग महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे पडून होते. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून खंड निघू लागले. १९८७ चा तिसरा खंड ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल की, कोठे प्रकरण अपुरे, कोठे पाने गहाळ, असे संपादकांना पुनःपुन्हा नमूद करावे लागले आहे.

आता आम्ही पुढे काय केले ते सांगतो. पहिली गोष्ट, आज्ञावलीच्या जागेत काहीही ठेवावयाचे नाही असे ठरविले. कागदांसाठी क्लाउडवरच ऑब्जेक्ट स्टोरेज नावाचे वेगळे भांडार मिळते. ॲमेझॉनने २००६ साली सुरू केलेले एस-थ्री हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. या भांडारात खरे पाहता फोल्डर नसतात. प्रत्येक वस्तूला एक किल्ली, म्हणजे एक अद्वितीय नाव असते, आणि त्या नावाने ती परत मागावयाची. आपण ज्या परिसरात बसलो आहोत तेथे हे समजणे सोपे आहे. येथे मनोऱ्यांचे गट इंग्रजी मुळाक्षरांनी ओळखले जातात आणि रस्त्याचे नाव कोणी विचारीत नाही. त्यावर दुबई नगरपालिकेने प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वाराला दहा अंकी 'मकानी' क्रमांक दिला आहे. मनोऱ्याचे नाव बदलले, तळमजल्यावरील उपाहारगृह बदलले, तरी क्रमांक तोच. आमच्याकडेही कागद येताच आज्ञावली त्याला असा एक क्रमांक देते, जो कोणाच्याही नावावर, गावावर किंवा आडनावावर आधारलेला नसतो. पाठविणाऱ्याने फाईलीला दिलेले नाव फेकून न देता ते डेटाबेसात मजकूर म्हणून जपतो, परंतु पत्ता म्हणून ते कधीही वापरीत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी कागद भांडारात जातो; तो पोहोचल्याची खात्री होते; मगच डेटाबेसात नोंद होते. मध्येच वीज गेली वा जोडणी तुटली, तर फार तर भांडारात एक बेवारस फाईल उरते, ती नंतर शोधून काढता येते. क्रम उलटा असेल तर उरते ती कागद नसलेली नोंद, आणि त्या नोंदीचा अर्थ आम्ही त्या सोमवारी सकाळी पुरता शिकलो. येथे जे तरुण जावा लिहितात त्यांच्यासाठी एवढेच जोडतो: सबंध फाईल स्मृतीत ओढून घेऊ नका, ती प्रवाहाने, तुकड्या-तुकड्यांनी पुढे जाऊ द्या. आंबेडकर जयंतीच्या दिवशी बरीच कुटुंबे एकाच वेळी मोठाले फोटो चढवू लागली, तेव्हा आमची आज्ञावली स्मृती संपून कोसळली होती.

भांडारवाले सांगतात की त्यांची व्यवस्था ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी रचलेली आहे. ते खरे मानले तरी आपल्याच हाताने पुसलेल्या फाईलीपासून ती आपल्याला वाचवीत नाही. म्हणून जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू ठेवली आहे. एक प्रत अमिरातीतील केंद्रात, दुसरी मुंबईच्या केंद्रात (ॲमेझॉनची ही केंद्रे अनुक्रमे २०२२ आणि २०१६ साली सुरू झाली), आणि तिसरी एका साध्या डिस्कवर, महाराष्ट्रातील एका सभासदाच्या घरी. प्रत्येक फाईलीचा एसएचए-२५६ पद्धतीचा चौसष्ट चिन्हांचा ठसाही नोंदविलेला आहे. एक बिंदू जरी बदलला तरी ठसा बदलतो.

इथवर ठेवण्याविषयी झाले. परत मिळविणे हे त्याहून अवघड आहे, आणि तेथे आमच्यापेक्षा आपण अधिक जाणते आहात.

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाच्या प्रवेशाची नोंद झाली. रजिस्टर क्रमांक १९१४. नाव: भिवा रामजी आंबेडकर. ही नोंद आज शंभराहून अधिक वर्षांनी कोणीही दाखवू शकतो. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. आता कल्पना करा, हेच रजिस्टर आमच्या आज्ञावलीत असते आणि कोणी 'भीमराव' असा शोध घेतला असता, तर उत्तर आले असते, 'काही सापडले नाही'. कागद असता, क्रमांक असता, प्रती तीन असत्या, आणि तरीही तो हरवलेलाच असता.

आपल्या घराघरांत हेच आहे. पणजोबांच्या नावापुढे जुन्या दप्तरात 'नाक' लावलेले, आजोबांनी ते टाकून दिलेले, वडिलांनी गावाच्या नावावरून आडनाव घेतलेले. घरी ज्यांना सारे 'बाबू' म्हणत त्यांचे नाव शाळेत भलतेच. हे संगणकाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. कळते ते फक्त घरातील वडीलधाऱ्यांना. म्हणून प्रत्येक कागदामागे आम्ही एक कोरा रकाना ठेवला आहे, 'या व्यक्तीला आणखी कोणत्या नावांनी ओळखीत?' दुर्दैवाने हाच रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात.

लेखनाचाही घोळ आहे. कऱ्हाड हे गाव घ्या. कोणी 'कराड' लिहितो, कोणी 'कऱ्हाड'. त्यातला अर्धा र संगणकावर निरनिराळ्या प्रकारे उमटविता येतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, संगणकाला वेगळा वाटतो. जावामध्ये 'नॉर्मलायझर' नावाची सोय आहे, ती यातील काही भेद मिटविते, सगळे नाही. उरलेल्यांसाठी आम्हांला स्वतःचे नियम लिहावे लागले. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या फाईलींचे तर विचारूच नका. त्या पेजमेकर आणि श्रीलिपीच्या काळातील आहेत. आजच्या संगणकावर उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यांच्या छापील प्रती मिळाल्या म्हणून बरे, आता त्या पानापानाने स्कॅन होत आहेत.

एका गोष्टीविषयी काही भगिनींनी खाजगीत विचारले, तिचे उत्तर जाहीरपणे देतो. येथील कचेरीत, मुलांच्या शाळेत, शेजारी, आपली जात सांगावी की न सांगावी हे ज्याने त्याने ठरविले आहे. पडताळणीच्या कागदावर तर ती ठळक अक्षरांत असते. सुरुवातीला आमचे दुवे असे होते की ज्याच्या हाती दुवा लागेल त्याला कागद दिसे. एखाद्याने चुकून कामाच्या व्हॉट्सॲप गटात तो टाकला असता तर? आता भांडार पूर्णपणे बंद आहे. आपण आपल्या खात्यातून कागद मागितला की आज्ञावली सही केलेला दुवा देते, तो दहा मिनिटांत निरुपयोगी होतो. कोणी केव्हा कोणता कागद उघडला याची नोंद राहते आणि ती त्या कुटुंबाला पाहता येते. व्यक्तिगत माहितीविषयी अमिरातींचा २०२१ चा आणि भारताचा २०२३ चा असे दोन कायदे आहेत. परंतु कायदा नसता तरी ही दक्षता आम्ही घ्यावयासच हवी होती.

शेवटी किल्ल्यांविषयी, कारण आपल्यासारख्या परदेशस्थांना सर्वांत मोठा धोका येथेच आहे. क्लाउडचे खाते आरंभी आमच्यातील एका बंधूंच्या नावे होते. त्यांचाच मोबाईल क्रमांक, त्यांचेच कार्ड. त्यांची नोकरी गेली. येथे नोकरी गेली की व्हिसा, बँकेचे खाते, मोबाईल, सारे एकामागोमाग सुटत जाते हे आपणांस ठाऊक आहे. खाते उघडण्याचा सांकेतिक आकडा ज्या क्रमांकावर येतो तो क्रमांकच बंद, बिल ज्या कार्डावर जाते ते कार्डही बंद. काही महिने बिल थकले की भांडारवाला फाईली पुसून टाकण्यास मोकळा. विमानतळावर निघण्याच्या आदल्या रात्री, घर आवरून झाल्यावर, त्या बंधूंना हे आठवले आणि पहाटेपर्यंत बसून त्यांनी सारे हस्तांतरित केले. मनावर एवढा ताण असतानाही त्यांनी हे केले, याबद्दल मंडळ त्यांचे ऋणी आहे. आता खाते मंडळाच्या ई-मेलवर आहे, अधिकार दोन देशांतील तीन सभासदांकडे आहेत, कार्डे दोन आहेत, आणि अडचणीच्या वेळचे आकडे कागदावर छापून बंद लिफाफ्यात दोन ठिकाणी ठेवले आहेत. होय, कागदावरच!

दर तीन महिन्यांनी आम्ही एक परीक्षा घेतो. ज्यांनी आज्ञावली लिहिलेली नाही अशा एका सभासदाने चिठ्ठ्या टाकून दहा क्रमांक काढावयाचे, परक्या संगणकावरून ते कागद मागवावयाचे आणि ठसे जुळवून पाहावयाचे. मागील खेपेस दहाही ठसे जुळले. मात्र त्यातील एका कागदावर फोटो काढताना बोटाची सावली पडली होती, नेमकी जन्मतारखेवर. फाईल शाबूत, कागद वाचता येत नाही. ठशाने हे सांगितले नसते. त्या कुटुंबाला आम्ही पुन्हा फोटो मागितला आहे, आणि मूळ कागद गावाहून कोणी येणारा-जाणारा हाती घेऊन येण्याची वाट पाहत आहोत.

जेवणानंतर दाराजवळच्या टेबलावर स्कॅनर मांडलेला असेल. ज्यांनी कागद आणले आहेत त्यांनी ते लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टीही लावू नये. घडी आम्ही सावकाश उलगडून घेऊ आणि मूळ कागद तेथल्या तेथे आपल्या हाती परत देऊ. बरोबर घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य आणावे. त्या कोऱ्या रकान्यासाठी आम्हांला त्यांची दहा मिनिटे हवी आहेत.

जयभीम!